कमी पटाच्या शाळेचे समायोजन: होकार किंवा नकार देण्याआधी गावाने करायची कामे

शाळेचा पट वीसच्या खाली गेला की आज ना उद्या केंद्रप्रमुखांकडून (परिसरातल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांकडून) विचारणा येते: शेजारच्या मोठ्या शाळेत समायोजन करायला, म्हणजे ही शाळा बंद करून मुले तिकडे पाठवायला, गाव तयार आहे का? बहुतेक ठिकाणी याचा निकाल एका बैठकीत, हात वर करून, तासाभरात लागतो. होकार असो की नकार, तो कच्चाच राहतो, कारण त्या तासाभरात कोणाच्याही हातात आकडे नसतात. पुढची सगळी मांडणी शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, मुख्याध्यापक आणि सरपंच यांच्यासाठी आहे. हे काम पावसाळ्यापासून जानेवारीपर्यंत चालते आणि ते विचारणा येण्याआधीच सुरू केलेले बरे.

प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. डिसेंबर २०१७ मध्ये राज्याने दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांच्या समायोजनाची यादी काढली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने समूह शाळांचे, म्हणजे अनेक लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले, तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा आकडा १४,७८३ होता. त्यांत १,८५,४६७ मुले आणि २९,७०७ शिक्षक होते. म्हणजे शाळेमागे सरासरी साडेबारा मुले आणि दोन शिक्षक. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ इथल्या समूह शाळांची नावे पुढे केली गेली. तुमचे गाव पानशेतसारखे आहे की नाही, हे तुम्हालाच तपासावे लागेल.

एकत्रीकरणाच्या चर्चेत अमेरिकेचे उदाहरण हमखास येते. तिथे १९३९-४० मध्ये १,१७,००० हून अधिक शाळा-जिल्हे होते, आज ते १३,००० च्या आसपास आहेत. पण तिथला शाळा-जिल्हा म्हणजे बहुतेक ठिकाणी स्वतःचे निवडलेले मंडळ आणि स्वतःचा मालमत्ता कर असलेली संस्था. दोन जिल्हे एक झाले की तिजोरीही एक होते आणि मुलांची बस त्याच तिजोरीतून धावते. आपल्याकडे जिल्हा परिषद आधीपासून एकच आहे. पाच वाड्यांच्या शाळा एकत्र केल्या तर वाचलेला पगार नव्या शाळेच्या खात्यात जमा होत नाही. मुलांबरोबर पैसा आपोआप जात नाही, म्हणून नव्या शाळेला जे जे हवे ते वेगळे मागावे लागते आणि जुनी शाळा बंद होण्याआधी कागदावर घ्यावे लागते. पुढची प्रत्येक पायरी याच एका कारणासाठी आहे.

आधी मुलांचा तक्ता

पटाचा एक आकडा उपयोगाचा नाही. प्रत्येक मुलाची एक ओळ असलेला तक्ता करा: इयत्ता, वय, घर नेमके कुठे, नव्या शाळेचे अंतर, वाटेतली अडचण, सोडायला कोण येऊ शकते, अपंगत्व, स्थलांतराचे महिने, धाकटी भावंडे, आधार वैध आहे की नाही. एक ओळ साधारण अशी दिसायला हवी: "इयत्ता दुसरी, मुलगी, वय ७. घर ओढ्यापलीकडच्या वस्तीवर, नवी शाळा २.४ किमी. ओढ्याला जुलै ते सप्टेंबर पाणी. आईवडील नोव्हेंबर ते मे वीटभट्टीवर, तेव्हा मुलगी आजीकडे. धाकट्या भावाला अंगणवाडीत हीच सोडते." ही शाळा बंद झाली तर मुलीची शाळा आणि भावाची अंगणवाडी एकदमच सुटू शकते, आणि हे पटाच्या आकड्यात कधीच दिसत नाही.

या तक्त्याला आणखी दोन याद्या जोडा. पहिली अंगणवाडी सेविकेच्या सर्वेक्षण नोंदवहीतून येते: शून्य ते सहा वयाची किती मुले आहेत आणि पुढच्या पाच वर्षांत दरवर्षी किती जण पहिलीत येतील. आज पट नऊ असला तरी अंगणवाडीत चौदा मुले असतील तर तो पट तात्पुरता आहे. दुसरी यादी गावात राहून बाहेरच्या शाळेत जाणाऱ्या मुलांची. शाळेत बारा आणि सकाळच्या व्हॅनने इंग्रजी शाळेला जाणारी अकरा असतील, तर गावात मुले भरपूर आहेत, पण पालकांचा या शाळेवरचा विश्वास उडाला आहे. त्यावर समायोजन हा उपाय नव्हे, कारण उरलेल्या बाराजणांचे पालकही मग त्याच व्हॅनवाल्याला फोन करतात. त्या अकरा घरी जाऊन कारण विचारा. शिक्षकाची जागा रिकामी आहे, पहिलीला इंग्रजी नीट होत नाही, शौचालय बंद आहे अशी उत्तरे मिळतील. त्यातली बरीचशी कारणे गावाला आणि पंचायत समितीला दूर करता येतात.

अंतर दारापासून मोजा, पावसाळ्यात मोजा

शिक्षण हक्क कायद्याखालील राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी १ किमी आणि सहावी ते आठवीसाठी ३ किमी हे शेजारचे क्षेत्र धरले जाते. दरड, पूर, रस्ता नसणे असा धोका असेल तर ही मर्यादा कमी करायची असते. लहान वस्तीला या अंतरात शाळाच नसेल तर मोफत वाहतूक किंवा निवासाची सोय करायची असते. याच नियमांत वीस मुलांची अटही आहे, पण ती नवी शाळा उघडण्यासाठी आहे. चालू शाळेचा पट वीसच्या खाली गेला की ती बंद करा, असे त्यात म्हटलेले नाही. बैठकीत हे सांगताना नियमाची प्रत समोर ठेवा.

प्रस्तावात सर्वाधिक चुका अंतराच्या रकान्यात सापडतात. जुन्या शाळेपासून नव्या शाळेपर्यंतचे अंतर लिहिले जाते, पण मूल जुन्या शाळेत राहत नाही. मळ्यात, शेतावर राहणाऱ्या कुटुंबांचे खरे अंतर कागदावरच्या अंतराच्या दुप्पट-तिप्पट भरू शकते. दुसरी चूक नकाशावर सरळ रेघ मारण्याची. समितीचा एक सदस्य आणि एक शिक्षक अशा दोघांनी फोनवर मार्गनोंद चालू ठेवून सर्वांत लांबच्या तीन घरांपासून चालत जावे, शक्यतो एखाद्या पहिलीच्या मुलाला त्याच्या दप्तरासह बरोबर घेऊन. सहा वर्षांच्या मुलाला सपाट रस्त्यावर एक किलोमीटरला साधारण वीस मिनिटे लागतात, चढावर त्याहून जास्त. जुलै-ऑगस्टमध्ये एकदा तरी चाला. वाटेतला फरशी पूल किती दिवस पाण्याखाली जातो, महामार्ग ओलांडावा लागतो का, बिबट्याचा वावर असलेल्या उसातून वाट जाते का, अंधार लवकर पडणारा घाट आहे का, हे सगळे जागच्या जागी टिपा आणि फोटो काढा. फोटोवर तारीख उमटेल अशी सोय करा.

हे काम कोणाला अतिकाटेकोर वाटेल. साताऱ्याच्या जावळी तालुक्यात कोयनेच्या जलाशयातून मुली स्वतः होडी वल्हवत शाळेला जात होत्या आणि त्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. कागदावरचे किलोमीटर आणि मुलांची वाट यांत एवढे अंतर पडू शकते.

शिक्षकांचे गणित

समायोजनाचे सर्वांत मोठे आश्वासन म्हणजे प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक. ते आकड्यांवर तपासा. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४ आणि १२१ ते २०० ला ५. दीडशेच्या वर गेले की मुख्याध्यापक वेगळा.

आता प्रत्येकी १२ मुलांच्या पाच शाळा घ्या. आज तिथे प्रत्येकी दोन, असे दहा शिक्षक आहेत. त्या एकत्र केल्या की पट होतो ६० आणि मंजूर शिक्षक दोन. आठ शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे जातात. पाच इयत्ता, दोन शिक्षक: बहुवर्ग अध्यापन, म्हणजे एकाच शिक्षकाने अनेक इयत्ता एकत्र शिकवणे, होते तिथेच राहते, फक्त एका शिक्षकापुढची मुले सहावरून तीसवर जातात आणि साठपैकी अठ्ठेचाळीस मुलांना रोज प्रवास करावा लागतो. हे समायोजन मुलांच्या हिताचे आहे असे कोणी म्हणाले तर त्यांना हा हिशेब दाखवा. प्रत्येक इयत्तेला एक शिक्षक हवा असेल तर पहिली ते पाचवीत किमान १२१ मुले लागतात, किंवा पटाच्या निकषापलीकडे शिक्षक देण्याचा स्वतंत्र आदेश लागतो. अर्थात आज शाळेत प्रत्यक्षात एकच शिक्षक असेल, त्याच्याकडे कार्यालयीन कामही असेल आणि तो बैठकीला गेला की शाळा बंद राहत असेल, तर दोन शिक्षकांची शाळासुद्धा मुलांसाठी सुधारणा ठरते. म्हणून कागदावरची पदे लिहू नका, गेल्या वर्षात प्रत्यक्ष हजर राहिलेले शिक्षक लिहा.

राज्याच्या संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करण्याचे, निकष बदलत राहतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने ते बदलले आणि त्यावर शिक्षक संघटनांनी मोठी हरकत घेतली. तेव्हा त्या वर्षी लागू असलेला निर्णय गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून (तालुक्याच्या शिक्षण अधिकाऱ्यांकडून) मागून घ्या आणि एकत्रित पटावर किती पदे मिळतील ते त्यांच्याकडूनच लेखी घ्या. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या, आधार वैध ठरलेल्या पटावर होते. त्या तारखेला दहा मुलांचे आधार जुळले नसतील तर वर्गात मुले बसलेली असूनही एक शिक्षक कमी होऊ शकतो. आधारमधील नावाची आणि जन्मतारखेची दुरुस्ती जून-जुलैतच उरकून घ्या, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आधार केंद्रावर गर्दी होते.

जिथे जायचे ती शाळा आधी पाहा

पाच पालक, त्यांत किमान तीन आया, अशी भेट शाळा चालू असतानाच्या दिवशी ठरवा. शिक्षकामागे एक खोली आहे का, आणि ती वापरात आहे का, की तिथे जुने बाक रचून ठेवलेत? मुलींचे शौचालय उघडे आहे का आणि आत पाणी आहे का? नळ उघडून बघा, टाकी बघून समाधान मानू नका. अपंग मुलासाठी उतार आहे का, शिजवायची जागा वाढलेल्या संख्येला पुरेल का, मुले वाहनातून उतरतील ती जागा रस्त्यावर आहे की आवारात? दुपारच्या सुट्टीत थांबा. कोण कुठे बसून जेवते, वाडीवरची किंवा तांड्यावरची मुले वेगळी बसतात का, शिक्षक त्यांना नावाने हाक मारतात का, हे त्या अर्ध्या तासात कळते. आदिवासी पाड्यावरच्या किंवा तांड्यावरच्या मुलांसाठी आणखी एक प्रश्न विचारा: पहिली-दुसरीला त्यांची बोली समजणारे कोणी तिथे असेल का? जुन्या शाळेत असा शिक्षक असेल तर त्याची बदली मुलांबरोबरच व्हावी, ही अट ठरावात घालायची आहे.

वाहन: सगळी योजना इथेच मोडते

समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेत वाहतुकीसाठी दर मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत तरतूद करता येते. पहिली ते पाचवीचे किमान २०० कामाचे दिवस धरले तर दिवसाला ३० रुपये, जाऊन-येऊन. चौदा मुलांचे वर्षाचे ८४,००० रुपये आणि दहा महिन्यांत विभागले तर महिन्याला ८,४००. गावातल्या जीपवाल्याकडून लेखी दर घ्या. तो १४,००० म्हणाला, तर उरलेले ५,६०० दर महिन्याला कोण देणार? ग्रामपंचायतीचा स्वनिधी, एखाद्या कंपनीचा सामाजिक निधी की पालक? कंपनीचा निधी असेल तर तो किती वर्षांसाठी आहे आणि संपल्यावर काय, हे त्याच बैठकीत विचारा. पालकांकडून घ्यायचे ठरत असेल तर ते मोफत शिक्षण राहिले नाही आणि नकाराला तेवढे कारण पुरेसे आहे.

अनुदान उशिरा येते, हे गृहीत धरूनच करार करा. नेहमीचा क्रम असा: जूनमध्ये गाडी सुरू होते, ऑगस्टपर्यंत पैसे येत नाहीत, दिवाळीनंतर गाडी दिवसाआड येऊ लागते, मग बंद पडते. तोवर जुन्या शाळेचे शिक्षक दुसऱ्या तालुक्यात रुजू झालेले असतात. म्हणून तीन महिन्यांचे भाडे कोणत्या खात्यातून आगाऊ दिले जाईल ते ठरल्याशिवाय शाळा हलवू नका. वाहतुकीची मागणी समग्र शिक्षेच्या वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रकात जावी लागते. ते काम जानेवारी-मार्चच्या सुमारास चालते. जूनमध्ये मागितलेली गाडी त्या वर्षी मिळणे कठीण.

गाडी कोणतीही असो, ती विद्यार्थी वाहतुकीच्या परवान्याची हवी. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार शाळेत परिवहन समिती असावी लागते. वेगनियंत्रक, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी आणि मुलांबरोबर मदतनीस लागतो. मुली असतील तर महिला मदतनीस आग्रहाने मागा. बसथांबा शेवटच्या घरापासून किती लांब आहे, पावसात मुले कुठे उभी राहतील आणि गाडी आली नाही तर कोणाला फोन करायचा, हे एका कागदावर लिहून प्रत्येक घरी द्या. चालकाकडे आणि मदतनिसाकडे मुलांची यादी हवी. चढताना एक टिक, उतरताना एक टिक.

एसटीवर अवलंबून राहायचे असेल तर दोन गोष्टी तपासा. ग्रामीण मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत मोफत पास मिळतो तो पाचवीपासून बारावीपर्यंत. पहिली ते चौथीच्या मुली आणि सगळे मुलगे त्यात बसत नाहीत, त्यांना विद्यार्थ्यांचा सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. आणि गाडीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळते का? आगार व्यवस्थापकांचे पत्र घ्या. तोंडी वेळ पुढच्या वेळापत्रकात बदलते. सहा वर्षांचे मूल एकटे एसटीने जाणार नाही, हे वेगळे सांगायला नको.

स्वयंपाक करणाऱ्या बायकांचा विचार

पोषण आहारात २५ मुलांपर्यंत एक, २६ ते १०० मुलांना दोन स्वयंपाकी-मदतनीस, असा निकष आहे. वरच्या उदाहरणातल्या पाच शाळांत पाच बायका काम करतात, साठ मुलांच्या एका शाळेत दोघींना काम उरते. उरलेल्या तिघी बहुधा विधवा, परित्यक्ता किंवा भूमिहीन घरच्या असतात, आणि प्रस्तावाच्या एकाही रकान्यात त्या येत नाहीत. वाहनावरची महिला मदतनीस म्हणून त्यांचीच नावे ठरावात सुचवा. मुले त्यांना ओळखतात, पालकांचा त्यांच्यावर भरवसा असतो, आणि लहान मूल गाडीत रडू लागले तर ते कोणाकडे जाईल हे तिथे सगळ्यांना ठाऊक असते.

ठराव कसा लिहावा

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात. ठरावाआधी समिती वैध आहे का, मुदत संपलेली नाही ना, गणपूर्ती झाली का, ते पाहा. समितीनंतर विषय ग्रामसभेत न्या. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तक्ता आणि अंतराची नोंद मांडा, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत निर्णय घ्या. मधल्या काळात शाळाभेट, जीपवाल्याचे दर आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र गोळा होते. शाळा हलवायची तर जूनमध्येच. वर्षाच्या मध्यात हलवली की पुस्तके, गणवेश, आहार आणि हजेरी चारही विस्कटतात.

"समायोजनास मान्यता देण्यात येत आहे" एवढाच ठराव कधीही करू नका. होकार द्यायचा असेल तर मजकूर असा असावा:

"खालील बाबींची लेखी पूर्तता झाल्यानंतरच समायोजनास या समितीची संमती राहील.
१. सोबतच्या यादीतील प्रत्येक विद्यार्थ्यासाठी घराजवळच्या थांब्यापासून मोफत वाहन व महिला मदतनीस.
२. एकत्रित शाळेत पहिली ते पाचवीसाठी किमान … शिक्षक प्रत्यक्ष हजर असल्याचा आदेश.
३. अपंग व हंगामी स्थलांतर करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सोबतच्या यादीनुसार स्वतंत्र व्यवस्था.
४. एकत्रित शाळेच्या व्यवस्थापन समितीत या वस्तीतील किमान दोन पालक.
५. पहिले शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत सध्याच्या शाळेची इमारत, साहित्य व सांकेतांक कायम ठेवणे. वाहन सलग सात दिवस बंद राहिल्यास अथवा हजेरी लक्षणीय घटल्यास शाळा पूर्ववत सुरू करणे."

पाचव्या अटीला वरून सर्वांत जास्त विरोध होतो, तरी ती सोडू नका. एकदा शाळेचा अकरा अंकी यूडायस सांकेतांक (शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीतला क्रमांक) बंद झाला की शाळा पुन्हा उघडणे म्हणजे नवी शाळा मागणे, आणि मग वीस मुलांची अट खरोखरच आडवी येते.

नकार द्यायचा असेल तरी कारणे तक्त्यासह लिहा. "गावाची इच्छा नाही" याला वजन नसते. "सोळापैकी अकरा मुलांचे अंतर एक किलोमीटरपेक्षा जास्त, वाटेत पावसाळी ओढा, पर्यायी वाहनाची तरतूद नाही" याला असते. ठराव द्या, आवक क्रमांकासह पोहोच घ्या. तरीही शाळा बंद केली गेली तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे इथे जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करता येते. त्यांनी म्हणणे ऐकून घेऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तक्रारीत मुलांची नावे आणि अंतर द्या, भाषण नको.

मधले मार्ग

सगळे किंवा काहीच नाही, असा हा प्रश्न नसतो. पहिली-दुसरी वस्तीवर ठेवून तिसरीपासून पुढची मुले मोठ्या शाळेत पाठवता येतात, कारण आठ वर्षांच्या मुलाला दीड-दोन किलोमीटर झेपतात, सहाच्या नाही. आठवड्यातून एक दिवस केंद्रातल्या तीन-चार लहान शाळांची मुले एकत्र आणून खेळ, प्रयोग, गटकाम घेता येते. बरोबरीच्या मुलांशिवाय शिकणे ही लहान शाळेची खरी उणीव आहे आणि ती यातून बरीच भरून निघते. एकाच शाळेत शिकवणारा चांगला इंग्रजी किंवा गणिताचा शिक्षक दोन शाळांत वाटून घेता येतो. या मार्गांसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पण मुलांना रोज गाडीत बसवण्यापेक्षा ही परवानगी मिळवणे सोपे.

काही ठिकाणी मात्र स्पष्ट होकार द्यावा. एकाच आवारात भरणाऱ्या मुलांच्या आणि मुलींच्या दोन मराठी शाळा असतील, तर त्या वेगळ्या ठेवण्यात काही अर्थ नाही. पट दोन-तीनवर आला आहे, अंगणवाडीतही कोणी नाही, शेजारची शाळा सपाट रस्त्याने आठशे मीटरवर आहे: इथे अडून बसू नये. त्या दोन मुलांना वर्षभर एकमेकांखेरीज खेळायला कोणी नाही, हेही त्यांचे नुकसानच आहे. वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा मात्र केवळ आवार एक म्हणून एकत्र करू नयेत.

शाळा हललीच तर: कागद, वस्तू, इमारत

सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे जनरल रजिस्टर, अर्थात दाखल-खारीज नोंदवही. गावातल्या तीन-चार पिढ्यांचा जन्मतारखेचा आणि जातीचा पुरावा त्यात असतो. जातपडताळणीसाठी पणजोबांच्या नावाचा प्रवेश-निर्गम उतारा लागतो तो इथूनच. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा राज्यभर शाळांची जुनी रजिस्टरे उघडली गेली. हलवण्याआधी प्रत्येक पान स्कॅन करा किंवा फोटो काढा, खंड आणि पाने मोजून यादी करा, एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा. मूळ रजिस्टर कोणत्या शाळेत राहील आणि दाखला कोणाच्या सहीने मिळेल, याची सूचना जुन्या शाळेच्या भिंतीवर रंगवा. दाखल्यासाठी मुंबई-पुण्याहून आलेला माणूस कुलूप पाहून परत जाऊ नये.

त्यानंतर जडसंग्रह नोंदवहीप्रमाणे (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीप्रमाणे) वस्तू मोजून ताबा द्या: बाक, टीव्ही-टॅब, पुस्तके, वजनकाटा, भांडी, सिलिंडर, शिल्लक तांदूळ. लोकवर्गणीतून घेतलेली वस्तू कोणती, ते वेगळे लिहा. शाळेचे आणि समितीचे बँक खाते, वीजमीटर, थकीत बिल यांची नोंद करा.

इमारतीचा सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढून पाहा. जागा कोणी बक्षीसपत्राने दिली असेल आणि त्यात "शाळेसाठीच" अशी अट असेल, तर शाळा बंद झाल्यावर वारस जागा मागू शकतात. रिकामी इमारत दोन पावसाळ्यांत कौले-पत्रे गमावते. अंगणवाडी, अभ्यासिका किंवा वाचनालय यांपैकी काय होणार, याचा ठराव शाळा हलण्याआधीच करा. ती इमारत मतदान केंद्र असेल तर तहसील कार्यालयालाही कळवा.

मुलांची नोंद यूडायस प्रणालीत जुन्या शाळेतून सोडली गेली, पण नव्या शाळेने घेतलीच नाही, असे नेहमी घडते. तोवर मूल ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे कोणत्याच शाळेत नोंद नसलेल्या मुलांच्या यादीत, पडून असते, म्हणजे वर्गात बसलेले आणि कागदावर शाळाबाह्य. ३० सप्टेंबरच्या पटात ते मोजले जात नाही आणि शिष्यवृत्तीही अडते. जुलैअखेर यादी समोर ठेवून एकेक नाव नव्या शाळेच्या पडद्यावर दिसते का ते पाहा.

पहिले तीन महिने

रोजची हजेरी जुन्या वस्तीप्रमाणे वेगळी काढा. एकूण हजेरी ८५ टक्के असली तरी ओढ्यापलीकडची सहा मुले निम्मे दिवस गैरहजर असू शकतात आणि एकूण आकड्यात ती दडतात. बाजारच्या दिवशी, पावसाच्या आठवड्यात आणि कापणीच्या वेळी कोण गळते ते पाहा. सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी चौथ्या दिवशी कोणी जायचे, त्या माणसाचे नाव आधी ठरवा. प्रवास वाढल्यावर सहसा चौथी-पाचवीतल्या मोठ्या मुली पहिल्यांदा थांबतात, कारण धाकट्यांना सांभाळून शाळा गाठणे त्यांना जमेनासे होते. अंगणवाडीची वेळ शाळेच्या गाडीच्या वेळेशी जुळवून घेतली तर यातल्या काहीजणी टिकतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव जुन्या शाळेतून जात असेल तर तो आता नव्या शाळेने पाठवायचा आहे. टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात, त्यामुळे सप्टेंबरमध्येच याची आठवण द्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही वस्त्यांच्या पालकांची बैठक घ्या. ठरावातली एकेक अट वाचा, पुढे "झाली" किंवा "नाही" लिहा आणि ते इतिवृत्त गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. दोन अटी जरी "नाही" निघाल्या, तरी जुनी शाळा पुन्हा सुरू करण्याची मागणी त्याच दिवशी, त्याच पत्रात करा. तोवर इमारतीची किल्ली समितीच्या अध्यक्षांकडे असू द्या.